बाकावरचा गोली

11 ऑगस्ट 2020 रोजी जर्मनीतील डुइसबर्ग शहरात युरोपा लीग या फुटबॉल स्पर्धेचा एक उपांत्यपूर्व सामना सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि कोल्हापुरातल्या आमच्या घरात मी टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून बसलो होतो. साथीमुळे मैदानात प्रेक्षक नव्हते, त्यामुळे खेळाडूंच्या हाका, पंचाची शिट्टी आणि चेंडूचा ठोका एवढेच काय ते ऐकू येत होते. एका बाजूला इंग्लंडचा वुल्व्हज हा क्लब होता आणि दुसऱ्या बाजूला स्पेनचा सेव्हिया. सामन्याला दहा-बारा मिनिटे झाली असतील नसतील तोच आदामा त्राओरे आपल्या अर्ध्यातून चेंडू घेऊन जो सुटला तो थेट सेव्हियाच्या पेनल्टी क्षेत्रात पाडला गेला, वुल्व्हजला पेनल्टी मिळाली, आणि राऊल हिमेनेझचा फटका सेव्हियाच्या यासिन बुनूने अडवला. त्यानंतरचा बहुतेक वेळ चेंडू सेव्हियाकडेच राहिला आणि 88 व्या मिनिटाला लुकास ओकाम्पोसने हेडर मारून तो एकमेव गोल केला. 25 जुलै 2019 रोजी सुरू झालेला वुल्व्हजचा हंगाम 383 दिवसांनी आणि 59 सामन्यांनंतर त्या क्षणी संपला.

त्या रात्री माझे लक्ष खेळाइतकेच दोन्ही संघांच्या बाकांकडे होते. वुल्व्हजच्या बाकापुढे दाढी राखलेला नुनो एस्पिरितो सांतो उभा होता, सेव्हियाच्या बाकापुढे हुलेन लोपेतेगी होता, आणि हे दोघेही एके काळचे गोलरक्षक होते. त्यातही मोठ्या क्लबांमध्ये वर्षानुवर्षे राखीव म्हणून बसून राहिलेले, क्लब बदलत गेलेले गोलरक्षक होते. ज्या बुनूने पेनल्टी अडवली तोही जिरोना क्लबकडून लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना, आलेला होता आणि हंगामाच्या सुरुवातीला सेव्हियाचा दुसरा गोलरक्षक होता. फुटबॉलमध्ये राखीव गोलरक्षकाइतका दुर्लक्षित माणूस दुसरा नसेल, आणि त्या रात्री तो सामना अशाच तिघांच्या अवतीभवती फिरत होता. नुनोच्या कारकिर्दीविषयी लिहावे असे माझ्या मनात तेव्हापासून आहे.

त्याला एक खासगी कारणही आहे. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ तिथे लोटते, हे महाराष्ट्रातल्या इतर भागांतल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. कॉलेजच्या वयात अशाच एका संघात मी चार हंगाम दुसरा गोली होतो. आमच्याकडे गोलरक्षक हा शब्द वर्तमानपत्रापुरता, मैदानावर सगळे गोलीच म्हणतात. सामन्याआधी पहिल्या गोलीला फटके मारून त्याचे हात गरम करून द्यायचे, त्याच्या हातमोज्यांना पाणी लावायचे आणि शिट्टी झाली की बाकावर जाऊन बसायचे, असे माझे काम होते. पहिल्या गोलीला आम्ही दादा म्हणत असू. एकदा परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "तिथनं खेळ बघायला शिक. मला समोरचं दिसतंय, तुला सगळंच दिसतंय." मला ते तेव्हा सांत्वन वाटले होते. नुनोची कारकीर्द वाचत गेलो तेव्हा ती किती नेमकी सूचना होती ते माझ्या ध्यानात आले.

नुनोचा जन्म 25 जानेवारी 1974 चा, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या साओ तोमे बेटावरचा. ते बेट तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होते आणि दीडच वर्षाने, जुलै 1975 मध्ये, साओ तोमे व प्रिन्सिपे हा देश स्वतंत्र झाला. नुनो लहान असतानाच त्याचे कुटुंब पोर्तुगालला गेले. त्याच्या आडनावाचा अर्थ पवित्र आत्मा असा आहे, आणि गोव्यातल्या वाचकांना ते परके वाटणार नाही, कारण मडगावचे मोठे चर्च याच नावाचे आहे. व्हितोरिया द गिमाराइश या उत्तर पोर्तुगालमधल्या क्लबात तो मोठा झाला, आणि तिथेच 1996 च्या सुमारास एका नाइटक्लबमध्ये त्याची गाठ जॉर्ज मेंडेस नावाच्या तरुणाशी पडली. मेंडेसने त्याआधी व्हिडिओ कॅसेटचे दुकान चालवले होते आणि फुटबॉलमधली मध्यस्थी हा त्याच्यासाठी तेव्हा नवा धंदा होता. नुनोला स्पेनच्या देपोर्तिव्हो ला कोरुन्या क्लबात नेण्याचा व्यवहार हा मेंडेसचा पहिला मोठा व्यवहार ठरला. पुढे जोझे मोरीन्यो आणि क्रिस्तियानो रोनाल्डो ज्याचे अशील झाले, त्या जगप्रसिद्ध एजंटचा पहिला अशील हा असा एक फारसा कोणाला ठाऊक नसलेला गोलरक्षक होता.

देपोर्तिव्होत त्याच्या पुढे कॅमेरूनचा जाक सोंगो होता आणि नंतर होसे मोलिना आला. नुनोच्या वाट्याला आलेले लीग सामने बोटांवर मोजण्याइतके होते. मधल्या काळात क्लबने त्याला मेरिदाकडे आणि मग ओसासुनाकडे लोनवर पाठवले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे त्याचे चालले होते. फरक एवढाच की कुठे जायचे हे बहुधा दुसरेच कोणी ठरवत होते. 2002 मध्ये तो पोर्तुगालच्या पोर्टो क्लबात आला तेव्हा मोरीन्यो तिथे प्रशिक्षक होता आणि गोलात व्हितोर बाइया होता. पोर्टोच्या माणसाला बाइया म्हणजे काय हे शब्दांत सांगणे अवघड आहे. क्लबाच्या इतिहासातला तो सर्वांत लाडका गोलरक्षक, आणि तो धडधाकट असेपर्यंत दुसऱ्या कोणाला तिथे उभे राहायला मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. 2003 मध्ये सेव्हिया शहरात सेल्टिकला हरवून पोर्टोने युएफा चषक जिंकला, तेव्हा नुनो बाकावर होता. 26 मे 2004 रोजी गेल्सेनकिर्शेनमध्ये मोनॅकोला 3-0 असे हरवून पोर्टोने चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकली, तेव्हाही तो बाकावर होता. त्याच काळात पोर्तुगालच्या चषक स्पर्धेत वार्झीमविरुद्धच्या 7-0 अशा विजयात त्याला पेनल्टी मारायला मिळाली आणि त्याने गोल केला. मोठ्या रात्री बाकावरून पाहणाऱ्याला सहकाऱ्यांनी प्रेमाने दिलेला तो एक क्षण होता, असे मला वाटते.

राखीव गोलरक्षकाची तयारी ही एक विलक्षण गोष्ट आहे आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. राखीव आघाडीपटूला ठाऊक असते की साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला, संघ मागे असेल तर, आपल्याला हाक येणार आहे. राखीव बचावपटूला कोणी दमले, कोणाला पिवळे कार्ड मिळाले तर आत जाता येते. गोलरक्षक मात्र सहसा बदलला जात नाही. तो जखमी झाला किंवा त्याला लाल कार्ड दिसले तरच दुसऱ्याची वेळ येते. म्हणजे दुसऱ्या गोलरक्षकाला आठवडाभर पहिल्याइतकाच सराव करायचा असतो, समोरच्या संघातले पेनल्टी मारणारे कोण आणि ते कोणत्या बाजूला मारतात हे पहिल्याइतकेच पाठ करायचे असते, आणि हे सगळे बहुधा वापरावे न लागणाऱ्या ज्ञानासाठी करायचे असते. शिवाय ती वेळ आपल्या मित्राला दुखापत होऊनच यायची असते, त्यामुळे ती यावी अशी इच्छाही उघडपणे मनात धरता येत नाही. मी चार हंगाम या अवघडलेपणात काढले आहेत. दादा उडी मारून खाली पडले की माझ्या पोटात एकाच वेळी दोन गोष्टी हलत असत आणि त्यांतल्या एकीची मला लाज वाटे.

नुनोच्या कारकिर्दीतले पुढचे टप्पे मी भराभर सांगतो. 2005 च्या सुरुवातीला तो डायनॅमो मॉस्कोला गेला, तिथून 2007 मध्ये परत येऊन आवेश या छोट्या क्लबात खेळला, आणि मग पुन्हा पोर्टोत, पुन्हा राखीव म्हणून, 2010 पर्यंत राहिला. 2008 च्या युरो स्पर्धेआधी पोर्तुगालच्या संघातला किम हा गोलरक्षक जखमी झाला आणि 34 वर्षांच्या नुनोला बोलावणे आले. त्या संघात रिकार्डो पहिला होता, आणि तिसरा रुई पॅट्रिसिओ नावाचा 20 वर्षांचा मुलगा होता. जर्मनीकडून 2-3 असे हरून पोर्तुगाल उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडला. पोर्तुगालच्या मुख्य संघाकडून नुनो एकही सामना खेळला नाही. त्या स्पर्धेच्या वेळी पॅट्रिसिओच्या नावावरही अजून एकही आंतरराष्ट्रीय सामना नव्हता. दहा वर्षांनी, 2018 मध्ये, स्पोर्टिंग लिस्बनच्या सराव केंद्रात घुसून क्लबाच्याच उग्र समर्थकांनी खेळाडूंना मारहाण केल्यावर पॅट्रिसिओने तो क्लब सोडला, आणि तो वुल्व्हजमध्ये नुनोकडे गेला.

गोलरक्षक मॅनेजर होणे हे मुळातच कमी घडते. इटलीच्या दिनो झोफसारखे अपवाद आहेत, पण 1982 चा विश्वचषक कर्णधार म्हणून उचललेल्या माणसाला पुढे संधी मिळणे वेगळे आणि बाकावर बसलेल्याला ती मिळणे वेगळे. गोलरक्षकाचा सराव मैदानाच्या एका कोपऱ्यात, स्वतंत्र प्रशिक्षकाबरोबर होतो. बाकीचे दहा जण तिकडे आखणी शिकत असतात आणि हे दोघे-तिघे इकडे चिखलात उड्या मारत असतात. त्यामुळे मधल्या फळीचा माणूस खेळ समजतो आणि गोलरक्षकाला फक्त गोल समजतो, अशी एक धारणा क्लबांच्या मालकांमध्ये वर्षानुवर्षे आहे. मला ती चुकीची वाटते, कारण दोन्ही संघांची पूर्ण रचना ज्याच्या डोळ्यांसमोर नव्वद मिनिटे असते असा मैदानावरचा तो एकटाच खेळाडू आहे. राखीव गोलरक्षकाला तर तीच रचना बाजूने, पुढे मॅनेजर ज्या जागेवरून पाहणार असतो तिथूनच, पाहायला मिळते. नुनोने शिक्षणही मन लावून घेतले. प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम त्याने स्कॉटलंडमधल्या लार्ग्ज येथे केला, आणि तिथे त्याला इयन कॅथ्रो हा व्यावसायिक फुटबॉल कधीच न खेळलेला तरुण प्रशिक्षक भेटला. पुढे नुनोने त्यालाच आपला सहायक केले. नावापेक्षा कामाकडे पाहून माणूस निवडण्याची ही दृष्टी, ज्याला स्वतःला नाव नव्हते त्याच्याकडे असावी हे मला स्वाभाविक वाटते.

पोर्टोत ज्याच्या हाताखाली तो शेवटी खेळला त्या जेझुआल्दो फेरेराबरोबर नुनो आधी मालागात आणि मग ग्रीसमधल्या पानाथिनाइकोसमध्ये गोलरक्षकांचा प्रशिक्षक म्हणून गेला. स्वतंत्रपणे त्याला संघ मिळाला तो 2012 मध्ये, व्हिला दु कोंद या किनाऱ्यावरच्या गावातला रिओ आवे. त्या पहिल्या वर्षी त्याच्या संघात गोलात यान ओब्लाक होता, बेन्फिकाकडून लोनवर आलेला, आणि बाकावर होता ब्राझीलचा एडरसन. दोघेही विशीच्या आतबाहेरचे. ओब्लाक पुढे अॅटलेटिको माद्रिदचा आणि एडरसन मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक झाला, आणि जगातल्या उत्तम गोलरक्षकांची नावे घेताना या दोघांची नावे वर्षानुवर्षे घेतली गेली. त्यांना नुनोने घडवले असे मी म्हणणार नाही. तसा दावा करण्याइतके आतले मला ठाऊक नाही. पण त्या छोट्या क्लबाच्या सरावाच्या मैदानावर एडरसन दुसरा म्हणून बसत होता आणि त्याच्या मॅनेजरने तीच जागा आयुष्यभर सांभाळली होती, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या वर्षी, ओब्लाक गेल्यावर, एडरसन गोलात आला, आणि 2014 मध्ये रिओ आवे पोर्तुगालच्या दोन्ही चषकांच्या अंतिम सामन्यांत पोहोचला. दोन्ही वेळा बेन्फिकाने त्यांना हरवले, तरी त्या क्लबला इतिहासात पहिल्यांदा युरोपीय स्पर्धेत खेळायला मिळाले.

मग स्पेनचा व्हॅलेन्सिया क्लब. पहिल्या हंगामात, 2014-15 मध्ये, 77 गुण आणि चौथा क्रमांक, म्हणजे चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश. दुसऱ्या हंगामात नोव्हेंबर 2015 मध्ये, स्वतःच्याच प्रेक्षकांच्या 'निघून जा' अशा घोषणा ऐकत, राजीनामा. त्यानंतर खेळाडू म्हणून ज्या पोर्टोत बसून काढले तिथे मॅनेजर म्हणून एक वर्ष, दुसरा क्रमांक, एकही चषक नाही, आणि निरोप. इथे ते एजंटचे प्रकरण पुन्हा येते. मेंडेसचा पहिला अशील म्हणून नुनोला कामे मिळत गेली असे बोलले जाई, आणि 2017 मध्ये तो वुल्व्हजला आला तेव्हा तर तिथल्या चिनी मालकांशी मेंडेसचे असलेले संबंध हा इंग्लंडमधल्या इतर क्लबांच्या तक्रारीचाच विषय झाला. ओळखीने दार उघडले हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडेही कुठले दार ओळखीशिवाय उघडते? पण दार उघडल्यावर आत जे केले ते त्याचे होते, आणि तेच मला महत्त्वाचे वाटते.

वुल्व्हज आदल्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत पंधरावे होते. त्याने बचावात तीन माणसे लावली आणि त्यांच्या मधोमध, गोलरक्षकाच्या थेट पुढे, कॉनर कोडी या मूळच्या मध्यफळीतल्या खेळाडूला उभे केले. कोडी फार वेगवान नव्हता, पण नव्वद मिनिटे त्याचे तोंड बंद नसे. सरक, थांब, मागे बघ, असे तो अखंड ओरडत राही. हे पाहताना मला नेहमी वाटे की ही निवड गोलरक्षकाची आहे. गोलात उभ्या राहिलेल्या माणसाला सर्वांत भीती वाटते ती गप्प बचावफळीची. आमच्या संघातला एक उत्तम बचावपटू मुखदुर्बळ होता, आणि दादा म्हणत की तो चार माणसे अडवतो पण पाचवा कुठून येतोय ते कधी सांगत नाही.

नुनो वुल्व्हजमध्ये रुजू झाला त्याच उन्हाळ्यात, जुलै 2017 मध्ये, क्लबाचा पहिला गोलरक्षक कार्ल इकेमे याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. इकेमे लहानपणापासून त्याच क्लबात वाढलेला. गोलात मग जॉन रडी आला, जो त्याच उन्हाळ्यात क्लबात दाखल झाला होता. 6 एप्रिल 2018 रोजी कार्डिफमध्ये वुल्व्हज रुबेन नेव्हेसच्या फ्री किकवर 1-0 ने पुढे असताना जादा मिनिटांत कार्डिफला एकामागून एक दोन पेनल्टी मिळाल्या. पहिली रडीने अडवली, दुसरी क्रॉसबारला लागून परत आली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा नुनो मैदानात धावत सुटला, आणि समोरच्या मॅनेजरशी हात न मिळवता गेला म्हणून त्यावर बराच वाद झाला. त्याचे वागणे शिष्टाचाराला धरून नव्हते हे खरे. तरी आजारी मित्राच्या जागी उभ्या राहिलेल्या गोलरक्षकाने अखेरच्या क्षणी पेनल्टी अडवलेली पाहून, ज्याचे सगळे आयुष्य अशाच जागी गेले तो माणूस भान हरपतो, हे मी समजू शकतो. वुल्व्हज 99 गुणांसह पहिले येऊन प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत, गेले. इकेमेचा आजार आटोक्यात आला, पण जुलै 2018 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी त्याने खेळणे थांबवले.

पुढची दोन्ही वर्षे वुल्व्हज प्रीमियर लीगमध्ये सातवे आले, आणि 39 वर्षांनी युरोपात खेळले. नुनो मुद्दाम लहान संघ ठेवत असे. प्रत्येकाला आपल्याला खेळायला मिळेल असे वाटत राहावे हा त्यामागचा हेतू होता. बाकावर कोणी कायमचे विसरले जाऊ नये ही इच्छा त्यात मला दिसते, आणि तिची किंमतही दिसते, कारण डुइसबर्गच्या त्या रात्री 59 व्या सामन्यात त्याच्या खेळाडूंचे पाय उचलत नव्हते आणि बदलायला पुरेशी माणसे नव्हती. पुढच्या हंगामात, नोव्हेंबर 2020 मध्ये, आर्सेनलविरुद्ध डोक्याला डोके आपटून हिमेनेझच्या कवटीला भंग झाला. संघ तेराव्या क्रमांकावर घसरला, आणि मे 2021 मध्ये, मोजक्या प्रेक्षकांना पुन्हा आत येण्याची परवानगी मिळाली असताना, नुनोने चार वर्षांनी निरोप घेतला.

मग पुन्हा विंचवाचे बिऱ्हाड. टॉटेनहॅममध्ये चार महिने: पहिल्याच सामन्यात मँचेस्टर सिटीला हरवले, ऑगस्ट 2021 चा सर्वोत्तम मॅनेजर ठरला, आणि 1 नोव्हेंबरला काढून टाकला गेला. सौदी अरेबियात अल-इत्तिहादला लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि काही महिन्यांत तिथूनही त्याला जावे लागले. डिसेंबर 2023 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट. तिथे चार गुण दंड म्हणून कापले जाऊनही 32 गुणांवर संघ प्रीमियर लीगमध्ये टिकला, आणि पुढच्या हंगामात त्याच संघाने लिव्हरपूलला त्यांच्याच अॅनफिल्ड मैदानावर हरवले, सातवा क्रमांक मिळवला आणि जवळजवळ तीस वर्षांनी युरोपात जागा मिळवली. त्या संघाच्या गोलात मॅट्स सेल्स होता. हा बेल्जियन गोलरक्षक आधी न्यूकॅसलमध्ये येऊन, जागा गमावून, बाकावर बसून इंग्लंडमधून निघून गेला होता आणि स्ट्रासबुर्गमध्ये अनेक वर्षे काढून परत आला होता. 2024-25 मध्ये 13 सामन्यांत एकही गोल न खाता त्याने आर्सेनलच्या डेव्हिड राया याच्यासह, सर्वाधिक सामन्यांत गोल न खाणाऱ्या गोलरक्षकाला मिळणारा, गोल्डन ग्लोव्ह मिळवला. नुनोला सप्टेंबर 2025 मध्ये, नवा हंगाम सुरू होऊन तीन सामने होतात न होतात तोच, फॉरेस्टने काढले. त्याच महिन्याच्या 27 तारखेला तो वेस्ट हॅमचा मॅनेजर झाला.

आणि इथे लोपेतेगी पुन्हा आठवतो. बास्क प्रांतातल्या अस्तेआसू गावचा, दगड उचलण्याच्या पारंपरिक खेळातल्या एका नामांकित मल्लाचा हा मुलगा, रेआल माद्रिदकडून लीगचा एकच सामना खेळला, लोग्रोन्येसमध्ये नाव मिळवून बार्सेलोनात गेला आणि तिथे पुन्हा बाकावर बसला. स्पेनकडूनही तो एकच सामना खेळला, तोही बदली म्हणून. पुढे स्पेनचा मॅनेजर होऊन 20 सामने तो अपराजित राहिला, आणि 2018 च्या विश्वचषकाला एक दिवस उरला असताना, रेआल माद्रिदशी झालेला त्याचा करार जाहीर झाला म्हणून त्याला काढून टाकण्यात आले. ऑक्टोबरअखेर रेआलनेही काढले. डुइसबर्गनंतर दहा दिवसांनी सेव्हियाने युरोपा लीग जिंकली तेव्हा तो मैदानावर ढसाढसा रडला. आता या दोघांच्या वाटा पाहा. पोर्टोत लोपेतेगी होता आणि, मधले काही महिने सोडले तर, त्याच्यानंतर नुनो आला. वुल्व्हजमध्ये नुनो होता, आणि नंतर तळाला गेलेला तोच संघ सावरायला 2022 मध्ये लोपेतेगी आला. वेस्ट हॅममध्ये जानेवारी 2025 पर्यंत लोपेतेगी होता आणि सप्टेंबरात नुनो आला. नेव्हेसला सतराव्या वर्षी पोर्टोच्या संघात पहिल्यांदा उतरवले लोपेतेगीने, वुल्व्हजला आणले नुनोने, आणि तिथे शेवटच्या हंगामात तो पुन्हा लोपेतेगीच्या हाताखाली खेळला. धर्मशाळेत एकाने खोली सोडावी आणि दुसऱ्याने त्याच खोलीत वळकटी उलगडावी, तसे हे दोन गोलरक्षक एकमेकांच्या मागून चालत आले आहेत.

मॅनेजर आणि राखीव गोलरक्षक यांच्यात मला जे साम्य वाटते ते बाकाच्या जागेपुरते नाही. आठवडाभर सगळी तयारी करून शिट्टी झाल्यावर दोघांनाही चेंडूला हात लावता येत नाही, आणि तरीही नव्वद मिनिटे मनाने खेळत राहावे लागते. सामना चालू असताना नुनोचा चेहरा पाहणाऱ्याला तो रागीट वाटेल. मला तो चेहरा ओळखीचा वाटतो. हाक येण्याची खात्री नसताना सज्ज राहण्याचा ताण त्यावर असतो.

चौथ्या हंगामात एकदा मला हाक आली. दादांचे बोट सांध्यातून निखळले होते आणि सामन्याची बारा मिनिटे उरली होती. त्यांनी मैदानाबाहेर जाताना डाव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते एवढेच म्हणाले, "त्यांचा सात नंबर कॉर्नरला मागच्या खांबाला येतोय." मला ते ठाऊक होते, बाकावरून मी ते तीनदा पाहिले होते. त्या बारा मिनिटांत चेंडू दोनदा माझ्या हातात आला, दोन्ही वेळा सहज, आणि सामना आम्ही जिंकलो. घरी गेल्यावर मला झोप आली नाही.

नुनोला अशी हाक आली ती 12 डिसेंबर 2004 रोजी, जपानमधल्या योकोहामात. युरोपचा आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता यांच्यात होणाऱ्या इंटरकॉन्टिनेंटल चषकाचा तो शेवटचा सामना होता. पोर्टोविरुद्ध कोलंबियाचा ओन्से काल्दास. गोल होत नव्हता. शेवटची तीन-चार मिनिटे उरलेली असताना बाइयाच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ लागले आणि त्याला बाहेर जावे लागले. नुनो उठला, हातमोजे घातले आणि आत गेला. नव्वद मिनिटे संपली, मग जादा वेळाची तीस मिनिटे संपली, गोल नाहीच, आणि पेनल्टी सुरू झाल्या. दोन्ही संघांचे पाच-पाच फटके होऊनही निकाल लागला नाही, तेव्हा एकेक फटका सुरू झाला. नियम असा आहे की आपल्या संघाचा खेळाडू पेनल्टी मारत असताना त्याच संघाच्या गोलरक्षकाने पेनल्टी क्षेत्राबाहेर, गोलरेषा आणि पेनल्टी क्षेत्राची रेषा जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर उभे राहायचे. ओन्से काल्दासचा शेवटचा फटका हुकला, आणि पोर्टोचा पेड्रो इमॅन्युएल मध्यवर्तुळातून निघाला. नुनो गोलातून बाजूला झाला आणि त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. इमॅन्युएलने चेंडू जाग्यावर ठेवला, काही पावले मागे गेला, आणि त्या वेळी नुनोला फक्त पाहायचे होते.